संस्थेच्या कामाचं मूल्यमापन आणि त्यातून शिकणं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली अनेक वर्षं मी छोट्या सामाजिक संस्थांबरोबर मूल्यमापनाचं काम करते आहे. कधी वाचनवर्ग, कधी किशोरींचं आरोग्य, कधी पाणलोट. विषय आणि जिल्हे बदलतात, पण चहाच्या वेळी विचारले जाणारे प्रश्न तेच असतात. ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं लिहिताना डोळ्यांसमोर आहे ती पाच ते पंचवीस माणसांची संस्था. तिच्याकडे या कामासाठी वेगळा माणूस नाही आणि महिनाअखेरीस रिपोर्ट मात्र द्यायचा असतो.

ऑडिट, देखरेख आणि मूल्यमापन यांत फरक काय?

ऑडिट पैशाचा हिशेब तपासतं. ठरलेलं काम ठरल्याप्रमाणे चाललंय का, हे पाहणं म्हणजे देखरेख: वर्ग किती भरले, शिबिराला किती जणी आल्या. मूल्यमापन त्याच्या पुढचं विचारतं: त्या वर्गांमुळे मुलं वाचू लागली का, कोणती लागली, कोणती राहिली आणि का राहिली. हा शेवटचा 'का' सुटला की मूल्यमापनाच्या नावाखाली पुन्हा देखरेखच होते. आपल्याकडे बहुतेक वेळा तेच होतं.

देणगीदारांसाठी रिपोर्ट करतोच की. शिकण्यासाठी आणखी वेगळं काय करायचं?

मी संस्थेत गेले की आधी एक प्रश्न विचारते: मागच्या वर्षीच्या अहवालामुळे तुमच्या कामातली कोणती गोष्ट बदलली? एक सांगा, लहान असली तरी चालेल. बऱ्याचदा खोलीत शांतता पसरते. अहवाल चांगला असतो, तक्ते असतात, फोटो असतात, पण कामातलं काहीच हललेलं नसतं.

याचं कारण माहितीच्या प्रवासात आहे. कार्यकर्ती पाड्यावर फॉर्म भरते. तो समन्वयकाकडे जातो, समन्वयकाकडून तालुक्याच्या ऑफिसात, तिथून पुण्या-मुंबईला, तिथून देणगीदाराच्या ईमेलमध्ये. परतीचा रस्ता कोणी बांधलेलाच नसतो. जिने फॉर्म भरला तिला त्यातून काय निघालं ते कळत नाही आणि जिच्याबद्दल भरला तिला तर नाहीच नाही. काय बदलायला हवं हे ठरवू शकतील अशा याच दोघी असतात. या पानावरची सगळी उत्तरं फिरून याच मुद्द्यावर येतात: आकडा जिथून आला तिथे तो परत गेला पाहिजे आणि काम बदलता येईल इतक्या वेळेत गेला पाहिजे.

सुरुवात कुठून करावी? इंडिकेटर, म्हणजे काय काय मोजायचं ते, ठरवण्यापासून?

निर्णयापासून करा. येत्या सहा महिन्यांत संस्थेला काय ठरवायचं आहे ते कागदावर लिहा. वर्ग संध्याकाळी घ्यायचा की शाळा भरण्याआधी? सगळ्या मुलांना घ्यायचं की फक्त तिसरी ते पाचवीतल्या? नवीन दहा गावं घ्यायची की आहे त्याच गावांत अजून एक वर्ष थांबायचं?

त्यातल्या एका निर्णयासाठी काय कळायला हवं, हा तुमचा मूल्यमापनाचा प्रश्न. 'आमच्या कार्यक्रमाचा मुलांच्या सर्वांगीण विकासावर काय परिणाम झाला?' असा प्रश्न प्रपोजलमध्ये भारदस्त दिसतो, पण त्याच्या उत्तराने सोमवारी सकाळी कोणी काही वेगळं करत नाही. 'अक्षरं ओळखणारी पण शब्द न वाचणारी मुलं तीन महिन्यांनी तिथेच अडकलेली आहेत का?' याचं उत्तर मिळालं की ताई दुसऱ्या दिवशी गट बदलते.

महाराष्ट्रात हे कोणी खरोखर करून दाखवलं आहे का?

हो. दोन उदाहरणं मी नेहमी सांगते, कारण दोन्हींमध्ये मोजल्यामुळे कामाची दिशा बदलली.

पहिलं गडचिरोलीचं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९८० च्या दशकाच्या शेवटी गावागावांत लहान मुलांच्या न्यूमोनियावर गावातच उपचार सुरू केले. प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू नोंदवला जात होता. बालमृत्यू कमी झाले. इथे थांबून समाधान मानता आलं असतं. पण त्याच नोंदींतून दिसत होतं की उरलेल्या मृत्यूंत मोठा वाटा पहिल्या महिन्यातल्या बाळांचा आहे. बाळंतपण घरी, बाळ आजारी पडलं तरी घरीच, आणि दवाखाना लांब. म्हणून पुढचा प्रश्न आला: नवजात बाळाची काळजी घरातच घेता येईल का? १९९५ पासून ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं. त्या बाळाचं वजन करायच्या, श्वास मोजायच्या, जंतुसंसर्ग ओळखून उपचार करायच्या. तुलनेसाठी ४७ गावांत फक्त नोंदी ठेवल्या गेल्या. उपचाराच्या तिसऱ्या वर्षी काम झालेल्या गावांत नवजात मृत्युदर हजारी २५.५ होता आणि तुलनेच्या गावांत ५९.६. १९९९ मध्ये हे 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं आणि २०११ मध्ये भारत सरकारने आशा कार्यकर्त्यांच्या गृहभेटींच्या रूपात ही पद्धत देशभर घेतली. आज एखाद्या खेड्यात आशाताई बाळाच्या घरी वजनकाटा घेऊन जाते, त्याची एक वाट गडचिरोलीच्या त्या नोंदवह्यांतून आलेली आहे.

दुसरं उदाहरण 'प्रथम'चं. मुंबईच्या वस्त्यांमधून १९९० च्या दशकात सुरू झालेली ही संस्था. मुंबई आणि वडोदरा इथे २००१ ते २००३ या काळात बालसखी कार्यक्रमाची बाहेरच्या अभ्यासकांनी तपासणी केली. वस्तीतली एक तरुण मुलगी मागे पडलेल्या तिसरी-चौथीच्या पंधरा-वीस मुलांना रोज दोन तास वेगळं शिकवायची. मुलं सुधारली आणि जी सगळ्यांत मागे होती ती जास्त सुधारली.

खरी शिकण्यासारखी गोष्ट त्यानंतरची आहे. उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यात तीन गोष्टी करून पाहिल्या. काही गावांत सभा घेऊन पालकांना शिक्षण समितीची आणि त्यांच्या हक्कांची माहिती दिली. काही ठिकाणी त्याबरोबर मुलांचं वाचन कसं तपासायचं तेही शिकवलं. आणखी काही गावांत याशिवाय स्वयंसेवकांकडून वाचनवर्ग चालवले. पहिल्या दोन्हींचा शाळेवर आणि शिकण्यावर काहीच परिणाम झाला नाही. लोकांना माहिती दिली की लोक शाळेला जाब विचारतील, ही आपल्या क्षेत्रातली लाडकी समजूत तिथे टिकली नाही. वाचनवर्गांना जी मुलं आली ती वाचायला शिकली, पण ज्यांना गरज होती त्यांतली थोडीच आली. म्हणजे शाळेच्या आत जायला हवं. मग बिहार आणि उत्तराखंडमध्ये सरकारी शिक्षकांना प्रशिक्षण आणि साहित्य दिलं. बिहारच्या उन्हाळी शिबिरांत तेच शिक्षक तीच पद्धत वापरत होते आणि मुलं पुढे जात होती. शाळा सुरू झाल्यावर मात्र परिणाम दिसेना. यावरून कळलं की पद्धत किंवा शिक्षक कमी पडत नव्हते. शाळेच्या दिवसात या कामासाठी राखून ठेवलेला वेळच नव्हता. म्हणून हरियाणात रोजचा एक तास वेगळा काढला आणि पर्यवेक्षकांनाही तयार केलं. तिथे हिंदी वाचनात फरक दिसला.

एका पद्धतीच्या या प्रवासाला दहा वर्षांहून जास्त काळ लागला आणि त्यात 'परिणाम नाही' असं उत्तर एकदा नव्हे, अनेकदा आलं. प्रत्येक वेळी त्यांनी आपलं पुढचं पाऊल त्या उत्तरावर ठेवलं, लपवलं नाही. मला या गोष्टीत सगळ्यांत मोलाचं वाटतं ते हे.

आम्ही काही 'सर्च' किंवा 'प्रथम' नाही. आमच्याकडे एवढी माणसं आणि पैसा नाही.

बरोबर आहे, आणि तेवढं करायची गरजही नाही. 'असर' सर्वेक्षणात २००५ पासून वापरली जाणारी वाचनचाचणी पाहा. कागदावर अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा उतारा आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट. मुलाला शेजारी बसवायचं, वाचून घ्यायचं, ते जिथे सहज वाचतं ती त्याची पातळी. काही मिनिटं लागतात, आई शेजारी बसून पाहू शकते आणि तिला निकाल समजावून सांगावा लागत नाही. तुमच्या विषयात याच्याइतकं साधं साधन कोणतं, ते शोधा. किशोरींच्या गटात रक्तातल्या हिमोग्लोबिनचा आकडा असेल. पाणलोटात विहिरीत सोडलेल्या दोरीवरच्या गाठी असतील.

इंडिकेटर किती असावेत?

पाच पुरे. फॉर्ममधल्या प्रत्येक प्रश्नापुढे लिहा: याचं उत्तर वेगळं आलं तर आपण काय वेगळं करू? तिथे काही लिहिता आलं नाही तर प्रश्न काढून टाका. ऐंशी प्रश्नांचा फॉर्म भरायला एका बाईचा अर्धा तास जातो आणि तो तिच्या कामातून जातो, हे सर्व्हे आखणाऱ्यांनी कायम मनात ठेवावं.

आकडे महत्त्वाचे की लोकांच्या गोष्टी?

दोन्ही लागतात, पण गोष्टी गोळा करायच्या आपल्या पद्धतीत एक अडचण आहे. केस स्टडी म्हटलं की आपण सगळ्यांत यशस्वी बाई निवडतो. शेळीपालनातून घर बांधलेली एक जण तीन वर्षं सगळ्या अहवालांत फिरत राहते. तिच्याकडून आपण काही शिकत नाही.

१९९० च्या दशकात बांगलादेशात रिक डेव्हिस यांनी एक पद्धत बसवली, ती मला छोट्या संस्थांसाठी फार उपयोगी वाटते. सहभागी लोकांना एकच प्रश्न विचारायचा: गेल्या तीन महिन्यांत तुमच्या दृष्टीने सगळ्यांत महत्त्वाचा बदल कोणता झाला? उत्तरं त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यायची. मग कार्यकर्त्यांनी एकत्र बसून ती मोठ्याने वाचायची, त्यांतली एक निवडायची आणि तीच का निवडली ते लिहून ठेवायचं. निवडताना जो वाद होतो त्यात खरं शिकणं असतं. एका संस्थेत पाणी योजनेबद्दल हे केलं तेव्हा पुरुष कार्यकर्त्यांना महत्त्वाचं वाटलं दुसरं पीक. बायकांच्या उत्तरांत मात्र पुन्हा पुन्हा येत होतं की मुलगी आता सकाळची पहिली घंटा चुकवत नाही. त्या संस्थेच्या इंडिकेटरांत मुलींच्या शाळेचा उल्लेखच नव्हता.

लोक खरं सांगतात का? सगळे 'चांगलं आहे' असंच म्हणतात.

म्हणणारच. तुम्ही लांबून आलेले, हातात टॅब, गळ्यात ओळखपत्र. घरी आलेल्या माणसाला वाईट कसं सांगायचं, आणि सांगितलं तर उद्या योजना बंद झाली तर?

मराठवाड्यातल्या एका गावात आरोग्य शिबिरांबद्दल मी एका बाईंशी ओट्यावर बसून बोलत होते. फॉर्मवर प्रश्न होता, शिबिराबद्दल समाधानी आहात का. त्या म्हणाल्या, "हाय की. तुमी येता, इचारता, बरं वाटतं." मी 'हो'वर टिक केली. फॉर्म संपला, टॅब पिशवीत टाकला, चपला घालायला वाकले. तेव्हा त्या म्हणाल्या, "आन् ताई, ते शिबिर बाजाराच्या दिशी ठिवू नका. मजुरीचा पैसा त्याच दिशी मिळतो. घरी कोन थांबतंय?"

त्या तालुक्यात दीड वर्ष शिबिरांना बायका कमी येतात म्हणून जाणीवजागृतीच्या सभा चालल्या होत्या. शिबिराचा वार डॉक्टरांच्या सोयीने ठरलेला होता.

तेव्हापासून मी प्रत्येक कार्यकर्तीला एक पातळ वही द्यायला सांगते. फॉर्म बंद केल्यानंतर जे ऐकू आलं, ते त्यात जसंच्या तसं लिहायचं. महिन्याच्या बैठकीत आकड्यांच्या आधी ती वही वाचायची. याशिवाय दोन गोष्टींनी फरक पडतो. एक, ज्या गावात जी कार्यकर्ती काम करते तिने त्या गावात मुलाखती घेऊ नयेत. शेजारच्या गटातलीने घ्याव्यात. दुसरं, 'आवडलं का' याऐवजी विचारा, 'मागच्या वेळी कोण आलं नाही आणि का?' दुसऱ्याबद्दल बोलताना माणूस मोकळा होतो.

बेसलाइन, म्हणजे काम सुरू होण्याआधीची मोजणी, करायची राहून गेली. आता काय?

हे इतक्या संस्थांचं होतं की त्याची लाज वाटून घेऊ नका. शाळेचं हजेरीपत्रक, अंगणवाडीतली वजनांची नोंद, दवाखान्याचं रजिस्टर, बचत गटाचं इतिवृत्त, यांत जुनी माहिती असते. ती परवानगी घेऊन पाहा. लोकांना आठवून सांगायला सांगणार असाल तर 'तीन वर्षांपूर्वी' असं विचारू नका. 'कोरोनाच्या आधी', 'धाकट्याच्या जन्माच्या साली', 'तो मोठा दुष्काळ पडला तेव्हा' असं विचारा. कार्यक्रमात यंदाच आलेल्या मुली आणि दोन वर्षांपासून असलेल्या मुली यांची तुलनाही काही सांगून जाते. काहीच नसेल तर आजची बेसलाइन करा.

एंडलाइनला, म्हणजे शेवटच्या मोजणीला, मुलं भेटतच नाहीत. उरलेल्यांचे आकडे दिले तर चालतील?

नाही चालणार, आणि हा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाच्या प्रश्नांपैकी वाटतो. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड मजुरांच्या गावांचा विचार करा. जुलैत सगळ्या मुलांचं वाचन तपासलं. दसरा-दिवाळीनंतर कोयते, म्हणजे ऊसतोडीची जोडपी, बाहेर पडले, मुलंही आईवडिलांबरोबर कारखान्याच्या फडावर गेली. मार्चमध्ये पुन्हा चाचणी घेतली तेव्हा टोळ्या परतलेल्या नव्हत्या. गावात होती ती ज्यांच्या घरी थोडी शेती आहे किंवा आजी-आजोबा सांभाळायला आहेत ती मुलं. त्यांचीच सरासरी काढली, ती छान वर गेलेली दिसली.

अशा एका अहवालावर मी स्वतः सही केली आहे. आलेख सुंदर होता. पुढच्या पावसाळ्यात एका शिक्षिकेने विचारलं, "यात आमची ती अर्धी बाकं कुठे आहेत?" तेव्हा मला चूक कळली. ज्यांच्यासाठी प्रकल्प काढला होता तीच मुलं आकड्यातून गळाली होती आणि गळाल्यामुळे निकाल सुधारला होता.

म्हणून तीन गोष्टी करा. दोन्ही वेळा भेटलेल्या मुलांचीच तुलना करा. न भेटलेल्यांची संख्या त्याच तक्त्यात, तितक्याच ठळक अक्षरांत द्या, ती कुठे आहेत तेही लिहा. आणि शक्य असेल तर दुसरी चाचणी मे-जूनमध्ये, टोळ्या परतल्यावर घ्या. देणगीदाराचं आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं, गावाचं वर्ष तेव्हा संपत नाही. हे त्यांना करार करतानाच सांगा; बहुतेक जण ऐकतात.

फरक आमच्याच कामामुळे पडला, हे कसं सांगता येईल?

पूर्ण खात्रीने बहुतेक वेळा सांगता येत नाही, आणि तसा दावा करूही नये. पाणलोटाचं काम झालं, विहिरींची पातळी वाढली, पण त्या वर्षी पाऊसही दणकून झाला असेल तर? निदान शेजारच्या, तसाच खडक आणि तेवढाच पाऊस असलेल्या, काम न झालेल्या गावातल्या दोन-चार विहिरी त्याच तारखांना मोजा. महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकाचे आकडे जोडा. कमी पावसाच्या वर्षाची वाट पाहा, खरी परीक्षा त्या वर्षी होते.

या बाबतीत हिवरे बाजारकडून शिकण्यासारखं आहे. पोपटराव पवारांच्या या गावात दरवर्षी पाऊस आणि भूजल मोजून पाण्याचा ताळेबंद मांडला जातो. माणसांना आणि जनावरांना प्यायला किती लागेल ते आधी बाजूला काढतात, उरलेल्या पाण्यावर कोणती पिकं घ्यायची ते ग्रामसभेत ठरतं. शेतीसाठी बोअरवेल घ्यायची नाही, हा नियम गावानेच केला. मोजणारेही गावकरी आणि त्या आकड्यावर निर्णय घेणारेही गावकरी. मूल्यमापन हा शब्द तिथे कोणी वापरत नसेल, पण माझ्या पाहण्यातलं ते सगळ्यांत चांगलं मूल्यमापन आहे.

तुमच्याकडे वीस गावं असतील आणि यंदा दहाच घेता येणार असतील, तर चिठ्ठ्या टाकून दहा निवडा आणि उरलेली दहा पुढच्या वर्षी घ्या. गावांनाही हे न्याय्य वाटतं आणि तुम्हाला आपोआप तुलना मिळते. ज्या पद्धतीच्या वापरासाठी २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि मायकल क्रेमर यांना मिळालं, तिचं मूळ तत्त्व या चिठ्ठ्यांतच आहे.

कार्यकर्ते मूल्यमापनाला घाबरतात. आकडे फुगवूनही देतात.

त्यांना दोष देण्याआधी मागच्या तीन आढावा बैठका आठवा. ज्या गावात हजेरी कमी होती तिथल्या ताईला सगळ्यांसमोर उभं करून विचारलं होतं का? तसं झालं असेल तर पुढच्या महिन्यात हजेरीपत्रक भरलेलं दिसणारच. पगारवाढ आणि करार ज्या आकड्यावर ठरतात त्या आकड्याकडून शिकायची अपेक्षा ठेवता येत नाही. या दोन गोष्टी वेगळ्या करा. माणसाच्या कामगिरीचं बोलणं वेगळ्या दिवशी, वेगळ्या खोलीत.

आणि सुरुवात वरून करा. एका संस्थेच्या संचालकांनी बैठकीत आधी स्वतःचा चुकलेला निर्णय सांगितला: शिलाई यंत्रं घेतली, गावातली वीज दिवसा किती तास असते हे विचारलंच नव्हतं. ते बोलून झाल्यावर जी माहिती बाहेर आली, ती दोन वर्षांच्या मासिक अहवालांत कुठेच नव्हती.

आढावा बैठक नेमकी कशी घ्यायची?

तीन महिन्यांतून एकदा, अर्धा दिवस. फिल्डवरचे सगळे हवेत, हिशेबनीस आणि गाडीचा चालकसुद्धा. चालकाला गावांबद्दल बरंच माहीत असतं. पॉवरपॉइंट नको, चार्ट पेपर आणि जाड पेन पुरे. तीन स्तंभ आखा: काय होईल असं वाटलं होतं, काय झालं, फरक का पडला. तिसऱ्या स्तंभाला सगळ्यांत जास्त वेळ द्या आणि 'लोकांमध्ये जागृती नाही' हे उत्तर तिथे लिहू देऊ नका. ते लिहिलं की विचार थांबतो.

शेवटी दोनच बदल ठरवा. कोण करणार आणि कोणत्या तारखेपर्यंत, ते लिहून कागद ऑफिसच्या भिंतीवर लावा. पुढची बैठक त्या दोन ओळी वाचून सुरू करा. सात-आठ ठराव करणाऱ्या बैठकांतून काहीच उरत नाही, हे मी पुष्कळदा पाहिलं आहे.

निकाल वाईट आला तर देणगीदाराला सांगावं का?

सांगावं, आणि अहवालाची वाट न पाहता आधी फोनवर सांगावं. 'बारा गावांतल्या पाच गावांत वर्ग चालले नाहीत. कारण आम्हाला वाटतं ते हे. दोन गावांत वेळ बदलून पाहतोय, सप्टेंबरमध्ये कळवू.' एवढं पुरतं. कॅनडातली 'इंजिनिअर्स विदाउट बॉर्डर्स' ही संस्था तर २००८ पासून आपल्या फसलेल्या कामांचा स्वतंत्र अहवालच काढू लागली. आपल्याकडे निधी तुटण्याची भीती खरी आहे, मी ती नाकारत नाही. पण माझा अनुभव असा की देणगीदार अपयशापेक्षा उशिरा कळण्याने जास्त दुखावतात. देणगीदारांपैकी कोणी हे वाचत असतील तर त्यांना मनापासून विनंती आहे: वर्षातून एकदा तरी 'यंदा काय जमलं नाही?' हे तुम्ही स्वतः विचारा आणि उत्तर ऐकून हप्ता थांबवू नका.

बाहेरच्या एजन्सीकडून मूल्यमापन करणं सक्तीचं आहे का?

तुमच्यावर नाही, काही कंपन्यांवर आहे. जानेवारी २०२१ मध्ये बदललेल्या सीएसआर (कंपन्यांनी सामाजिक कामावर करायचा खर्च) नियमांनुसार, ज्या कंपनीचं सीएसआरचं बंधन मागच्या तीन वर्षांत सरासरी १० कोटी रुपये किंवा जास्त आहे, तिने १ कोटी किंवा त्याहून मोठ्या प्रकल्पांचं परिणाम-मूल्यांकन स्वतंत्र संस्थेकडून करून घ्यायचं असतं. तेही प्रकल्प पूर्ण होऊन किमान एक वर्ष झाल्यावर. म्हणजे हे उत्तर येतं तेव्हा तुमचं काम संपलेलं असतं. त्याचा उपयोग कंपनीला आहे, पुढच्या प्रकल्पाला आहे. तुमचं रोजचं शिकणं त्यावर सोडू नका. बाहेरचा माणूस आलाच तर त्याच्या प्रश्नावलीत तुमचे दोन प्रश्न घालून घ्या आणि कच्ची माहिती संस्थेला मिळेल हे आधीच लेखी ठरवा.

खर्च किती धरावा?

प्रकल्पाच्या साधारण पाच ते दहा टक्के धरण्याची पद्धत आहे. प्रपोजलमध्ये वेगळी ओळ लिहा. त्यात आढावा बैठकीचा प्रवास, जेवण आणि गावात निकाल सांगायला जाण्याचा खर्चही धरा. तो नेहमी राहतो.

कोणतं सॉफ्टवेअर वापरावं?

जे ताईंना चालवता येईल ते. मोबाइलवर फॉर्म भरायचं कोबो चांगलं आहे आणि नेट नसलं तरी फॉर्म भरता येतो. वीस गावांपर्यंत वही आणि एक्सेलवरही उत्तम भागतं.

फोटो आणि नावं वापरताना काय पाळावं?

ज्या भाषेत माणूस बोलतो त्या भाषेत विचारून संमती घ्या, 'नाही' म्हटलं तरी सेवा मिळेल हे स्पष्ट सांगा. मुलांच्या बाबतीत पालकांची संमती हवी. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही ते आहे. आजार, हिंसा, कर्ज यांच्या नोंदींवर नावाऐवजी क्रमांक घाला आणि नावांची यादी वेगळी, कुलपात ठेवा. फोटोबद्दल माझा एकच निकष: तो फ्लेक्सवर लागून त्या बाईच्या बाजाराच्या गावात चौकात दिसला तर तिला चालेल का? हे तिलाच विचारा.

निकाल गावाला परत कसा सांगायचा? लोकांना आकड्यांत रस असतो का?

असतो, आकडे त्यांचे असतील तर. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने डिसेंबर १९९४ मध्ये कोट किराना गावात पहिली जनसुनवाई घेतली. सरकारी कामांच्या हिशेबाचे कागद लोकांसमोर मोठ्याने वाचले आणि कोणाच्या नावावर न केलेल्या कामाची मजुरी लागली ते लोकांनीच उभं राहून सांगितलं. पुढे रोजगार हमीच्या केंद्रीय कायद्यात ग्रामसभेने करायचं सामाजिक अंकेक्षण आलं, त्याची मुळं अशा सभांत आहेत. आपले हिशेब आणि आपले निकाल आपणही असेच मोठ्याने वाचायला हवेत.

आम्ही एका वाडीत वाचनाचा निकाल सांगायला गेलो होतो. देवळाच्या सभामंडपात रात्री जेवणं उरकल्यावर पंचवीस-तीस माणसं जमली. कोणत्याही मुलाचं नाव घेतलं नाही. जमिनीवर खडूने चार चौकटी काढल्या: अक्षर, शब्द, उतारा, गोष्ट. प्रत्येक मुलामागे एक चिंचोका ठेवला. २४ चिंचोके. गोष्टीच्या चौकटीत ७, अक्षराच्या चौकटीत ९. लोक वाकून वाकून पाहत होते. एक बाप म्हणाला, "पाचवीला गेलेली पण असतील का यात?" होती.

मग मागे बसलेल्या एका आजींनी मोजलं. म्हणाल्या, "चोवीस कशी? तळ्यापलीकडची दोन घरं धरली का?"

धरली नव्हती. आमची यादी शाळेच्या पटावरून केलेली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी कार्यकर्ती पलीकडे गेली. तिथे तीन मुलं होती, तिघांचं नाव कुठल्याच शाळेत नव्हतं. संध्याकाळी तिने आजींकडे जाऊन आणखी तीन चिंचोके मागितले.